दानेश्वरीच्या कौद्या

सोलापूरच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, दानेश्वरीचं घर विचारलं तर गल्ली-नंबर कोणी सांगत नाही. 'दोरीवर कौद्या वाळत असतील तिथं थांबा,' एवढंच सांगतात. कौदी म्हणजे गोधडी. दानेश्वरीचं माहेर वळसंगचं, घरातलं बोलणं कानडी, म्हणून तिच्या तोंडी शब्दही कानडीच राहिला. आज तिच्या कौद्या, पलंगपोस आणि उशांचे अभ्रे पार बंगळूर-दिल्लीपर्यंत जातात. पण बारा-तेरा वर्षांपूर्वी कोणी तिला हे सांगितलं असतं, तर ती पदर तोंडाला लावून हसली असती.

वळसंगला तिचे वडील निंगप्पा चार एकर जमीन कसायचे. आई काशम्मा. उन्हाळ्यात शेतातली कामं सरली की काशम्मा ओसरीवर जुन्या लुगड्यांची घडी उलगडायची आणि कौदी मांडायची. दानेश्वरी आणि तिच्या तीन बहिणी चारी कोपऱ्यांवर दगडासारख्या बसायच्या, कापड हलू नये म्हणून. टाका बाहेरच्या कडेनं सुरू व्हायचा आणि चौकोनात फिरत फिरत आत यायचा. अगदी मधे वीतभर जागा उरली की काशम्मा चुलीपासची भाकरी मोडून बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि चिमूटभर हळद तिथं ठेवायची, वरून ठिगळ लावून शिवून टाकायची.

"अव्वा, भाकरी कशाला आत?" दानेश्वरी विचारायची.

"तिच्या पोटात काही नको? उपाशी राहिली तर ऊब कुठून देईल ती?" काशम्मा कानडीत म्हणायची आणि दातानं दोरा तोडायची.

पुढं दानेश्वरीचं लग्न शिवपुत्रशी झालं. तो अक्कलकोट रोडच्या एका चादरीच्या कारखान्यात नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर होता. माणूस अबोल, पण मागासमोर उभा राहिला की हात गाणं म्हटल्यासारखे चालायचे. मुलगी शिवलीला झाली. संसार बरा चालला होता. मग एका वर्षी कारखान्यातले माग एकेक करून बंद पडत गेले, आणि श्रावण संपता संपता मालकानं दाराला कुलूप लावलं. शिवपुत्र सकाळी नेहमीच्या वेळेला डबा न घेता घराबाहेर पडायचा आणि दुपारी परत यायचा. कुठं जातो, काय करतो, सांगायचा नाही. दानेश्वरीनंही विचारलं नाही.

तेवढ्यात उदयसिंहाचा निरोप आला. उदयसिंह जेऊरचा, यात्रा कंपनी चालवायचा. बसमध्ये पंचेचाळीस माणसं भरायचा आणि महिनाभर देश फिरवून आणायचा. त्याचा आचारी गाडी सुटायच्या चार दिवस आधी पळाला होता. गल्लीतल्या एका लग्नात दानेश्वरीनं दोनशे माणसांचा स्वयंपाक उरकलेला त्यानं पाहिला होता.

"वहिनी, पिठलं-भात, मटकीची उसळ, शेंगाची चटणी, कडक भाकरी. आपल्या माणसांना दुसरं काय लागतंय? चला तुमी," तो दारात उभं राहून म्हणाला.

 शिवपुत्रनं विचारलं, "एकटी जाशील?"

"एकटी कुटं? पंचेचाळीस माणसं हायत की बसमधी," दानेश्वरी म्हणाली.

तोवर तिनं अक्कलकोट, गाणगापूर आणि जिच्या नावावरून तिचं नाव ठेवलं ती गुड्डापूरची दानम्मा देवी, एवढंच जग पाहिलं होतं. पुढच्या नऊ वर्षांत ती रामेश्वरला गेली, काशीला गेली, जगन्नाथपुरी, द्वारका, हरिद्वार. बस ठरल्या ठिकाणी थांबली की यात्रेकरू दर्शनाला जायचे, आणि तिची पातेली घासून झालेली असायची. मग मधले दोन तास तिचे. देवाला हात जोडून ती बाजारात शिरायची. बांगड्या, मूर्ती, पेढे याकडं तिचं लक्षच नसायचं. शिंप्याच्या दुकानाबाहेर ती उभी राहायची. कापून उरलेले तुकडे शिंपी पायाखाली टाकतात, ते ती मागून घ्यायची. कोणी हसून फुकट द्यायचा, कोणी बदल्यात एक चहा मागायचा. काशीच्या जरीचा हातभर काठ, पुरीचा, सूत बांधून रंगवून विणलेल्या कापडाचा तुकडा, कच्छचं लाल-काळं छापील कापड. सगळं तांदळाच्या रिकाम्या पोत्यात जायचं.

घरी आल्यावर ती पोतं उपसायची तेव्हा शिवपुत्र हळूच जवळ येऊन बसायचा. एखादा तुकडा उजेडात धरायचा, बोटात चोळायचा. "हे हातमागाचं. उभा धागा, ताणा, दुहेरी हाय बघ," असं म्हणायचा. मग त्याची जीभ सुटायची. विणकर कसा बसला असेल, धोटा कुठल्या बाजूनं फिरला असेल, हे तो सांगत राहायचा आणि दानेश्वरी भाकरी थापता थापता ऐकायची. त्याला पुढं एका गोदामात राखणीचं काम मिळालं, पण माणूस बोलता व्हायचा तो त्या चिंध्यांपाशीच. म्हणून ती दर खेपेला जास्त तुकडे आणू लागली. हे ती आजही कबूल करते. धंदा वगैरे तिच्या डोक्यातही नव्हता.

आठव्या का नवव्या वर्षी, जानेवारीत, बस राजस्थानात रामदेवऱ्याच्या अलीकडं बंद पडली. सुटा भाग जोधपूरहून यायचा होता, म्हणजे दुसरा दिवस उजाडणार. ऊन होतं तोवर माणसं हसत होती. सूर्य कलला तसं वारं असं सुटलं की सोलापूरची माणसं दातावर दात आपटायला लागली. आपल्याकडची थंडी ती काय थंडी. उदयसिंह जवळच्या गावात गेला आणि शाळेच्या दोन खोल्या उघडवून आला. त्याच्या मागोमाग गावातल्या बायका आल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर पांघरुणांची चवड. कोणाला कोणाची भाषा धड कळत नव्हती. त्यांनी ओझी खाली ठेवली, म्हाताऱ्या माणसांना आधी गुंडाळलं आणि दूध तापवायला चूल कुठं आहे ते हातानं विचारलं.

सकाळी सगळे उठल्यावर दानेश्वरी पांघरुणांच्या घड्या घालायला बसली. ज्याचं त्याला नीट परत जावं म्हणून एकेक उलगडून झटकत होती. आणि तिचा हात थांबला. टाका कडेनं सुरू होऊन चौकोनात फिरत आत आला होता. जवळजवळ, बारीक, सरळ. रंग वेगळे, तुकड्यांची नक्षी वेगळी, पण टाका काशम्माचा.

एक म्हातारी दारात उभी राहून बघत होती. दानेश्वरीनं टाक्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मेरी माँ... ऐसाच." म्हातारीनं मान डोलावली, घरी गेली आणि सुई-दोरा आणि एक अर्धवट पांघरूण घेऊन आली. ते लोक त्याला राली म्हणतात. गाडी दुरुस्त होईपर्यंत दोघी शाळेच्या पायरीवर उन्हात बसून शिवत राहिल्या.  निघताना म्हातारीनं एक जुनी राली दानेश्वरीच्या खांद्यावर टाकली आणि पैसे काढणारा तिचा हात धरून खाली केला.

बसमध्ये त्या खेपेला करमाळ्याच्या म्हाळसाबाई होत्या. कमलाभवानीच्या देवळाच्या वाटेवर त्यांचं घर. वय पंचाहत्तरीच्या पुढं, पण जीभ तिखट. त्या मागच्या सीटवरून पुढं आल्या आणि दानेश्वरीच्या मांडीवरची राली चाचपून म्हणाल्या, "तुला येतंय का गं असलं?"

"येतंय की. आईनं शिकवलंय."

"मग मला एक कर. माझी नात ऋतुजा नर्स हाय, जर्मनीला चाललीय. तिकडं म्हणं बर्फ पडतंय. दुकानातली रजई तिच्यापाशी असंलच, पण आपल्या घरचं कायतरी अंगावर पाहिजे."

सोलापूरला परतल्यावर दानेश्वरी आधी वळसंगला गेली. निंगप्पा जाऊन तीन वर्षं झाली होती. काशम्माच्या डोळ्यांना आता फक्त उजेड आणि सावली एवढंच कळायचं. दानेश्वरीनं राली तिच्या मांडीवर ठेवली. काशम्माची बोटं कडेवरून फिरली, आत आत आली.

"कोणी शिवली?"

"लांबची बाई आहे, अव्वा. वाळवंटातली."

"सोशिक बाई आहे," काशम्मा म्हणाली. बोटं एका कोपऱ्यात अडली. "इथं मात्र घाई झाली तिला. पोर रडत असेल."

दानेश्वरीला हसू आलं आणि डोळेही भरले.

म्हाळसाबाईंचं गाठोडं एसटीच्या पार्सलनं आलं. त्यात त्यांच्या नवऱ्याचा फेटा, दोन धोतरं, एक हिरवं इरकली लुगडं आणि लहान मुलाची झबली होती. दानेश्वरीनं कात्री हातात घेतली आणि परत ठेवली. दोन दिवस तिला कापवेना. शेवटी तिनं करमाळ्याला फोन लावला. "म्हाळसाबाई, ही कापडं कुणाची, कवाची, जरा सांगता का? न कळता कापू कसं?"

 मग म्हाळसाबाई बोलू लागल्या ते तासभर बोलत होत्या. फेटा घालून नवरा त्यांना बघायला आला होता, ती झबली त्यांच्या गेलेल्या पहिल्या मुलाची. दानेश्वरीनं झबल्यांना कात्री लावली नाही. ती अख्खीच मधे बसवली, म्हणजे नातीच्या छातीवर येतील अशी. आतल्या थराला शिवपुत्रनं एका ओळखीच्या कारखान्यातून सेकंडची चादर आणली. विणताना धागा तुटलेली म्हणून बाजूला पडलेली, पण अंगानं भरीव. पोटात भाकरीचा तुकडा आणि हळद घालायची ती विसरली नाही.

दोन महिन्यांनी ऋतुजानं बाहेर बर्फ दिसणाऱ्या खिडकीपाशी कौदी पांघरून काढलेला फोटो पाठवला. शिवलीला तेव्हा कॉलेजात होती. तिनं तो फोटो आणि त्याखाली म्हाळसाबाईंची गोष्ट मोबाइलवर टाकली. आठवड्याभरात अकरा जणांनी विचारलं, आमच्या आजीच्या साड्या आहेत, तुम्ही शिवाल का?

एकटीच्या हातानं हे होणार नव्हतं. शेजारी नरसम्मा राहायची. तेलुगू घर, लहानपणापासून विड्या वळणारी. तिची बोटं अशी की पान कापणं, तंबाखू भरणं, दोरा गुंडाळणं, बघणाऱ्याला दिसायच्या आत व्हायचं. पण त्या तंबाखूनं तिला खोकलाही दिला होता. दानेश्वरीनं तिच्या हातात सुई दिली. पहिल्या दिवशीचे टाके वेडेवाकडे आले. काशम्माला तोवर दानेश्वरीनं घरी आणलं होतं. ती नरसम्माची ओळ चाचपायची आणि म्हणायची, उसव. नरसम्मा उसवायची. तिसऱ्या दिवशी काशम्मा काहीच बोलली नाही, आणि नरसम्माला कळलं की जमलं. मग तिच्या ओळखीच्या आणखी चौघी आल्या. दानेश्वरीनं उदयसिंहाला सांगितलं, पुढच्या खेपेला दुसरी बाई बघा. तो हिरमुसला, पण जाताना म्हणाला, "वहिनी, माझ्या गाड्या देशभर फिरत्यात. कुटलं कापड कुटून आणायचं ते लिवून देत जावा." अजूनही त्याचे ड्रायव्हर पोती आणून देतात.

सगळं सुरळीत चाललं असं मात्र नाही. गोकर्णजवळ अमरेश नावाच्या माणसाचं सहा खोल्यांचं पाहुणेघर होतं. त्यानं दिवाळीसाठी बारा पलंगपोस मागवले. पांढऱ्या सोलापुरी कापडावर कच्छच्या लाल तुकड्यांच्या चौकटी. असे देखणे झाले की गल्ली बघायला आली. पाठवायच्या आदल्या सकाळी एकावर चहा सांडला म्हणून दानेश्वरीनं तो पाण्यात घातला, आणि पाणी रक्तासारखं लाल झालं. पांढरं सगळं गुलाबी, डागाळलेलं.

बाकीचे अकरा कोरडे, घडी घातलेले, निष्कलंक. त्यांच्याकडं बघत ती किती वेळ बसून होती ते तिलाच माहीत. गोकर्ण लांब. दिवाळी तोंडावर. तिकडं पहिली धुलाई होईपर्यंत कोणाला काय कळणार? तिनं ते अकरा खोक्यात भरलेसुद्धा.

काशम्मा भिंतीला टेकून बसली होती. तिनं ओलं कापड मागून घेतलं, हुंगलं, बोटं एकमेकांवर घासली. "रंग सुटलाय," ती म्हणाली. "आपल्या दारात आलेल्या पाहुण्याच्या अंगाला आपण हा रंग लावला असता का, दानव्वा?"

दानेश्वरीनं खोकं उघडलं आणि अमरेशला फोन केला. झालं ते सरळ कानडीत सांगितलं. 

"किती दिवस लागतील?" त्यानं विचारलं.

"वीस. दिवाळी निघून जाईल."

"जाऊ दे. जुन्या चादरी आहेत, चालवतो. पण तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. नीट करून पाठवा."

फोन ठेवून ती रडली. इतक्या मोठ्या मनाच्या माणसानं आपल्याला बघितलेलंसुद्धा नाही, याचंच तिला रडू आलं.

लाल तुकडे सोडवून, धुऊन परत शिवायचे होते, आणि उसवायचं काम शिवण्यापेक्षा जड. बारा पलंगपोसांवरचे हजारो टाके. नरसम्मानं स्वतःचा दिवाळीचा फराळ बाजूला ठेवला आणि गल्लीतल्या बायकांना हाक मारून आणलं. सोळा जणी अंगणात बसल्या. कोणी मजुरी घेतली नाही. त्याच आठवड्यात शिवपुत्र सूत रंगवणाऱ्या एका डाय-हाउसमधल्या जुन्या मास्तरांकडं जाऊन बसला. पूर्वी कारखान्यात त्यांची ओळख होती. रंग का सुटतो, कुठल्या कापडाला मिठाचं पाणी पुरतं, कुठल्याला उकळ लागते, कुठलं कापड नुसतं सावलीतच वाळवायचं, हे सगळं त्यानं शिकून घेतलं. परत आला तो अंगणात तीन हौद बांधायची तयारी करूनच.

"आता दारातून आत येणारा कुटलाबी तुकडा आदी माझ्याकडं," तो म्हणाला. "तीनदा धुतल्याबिगर तुमच्या कात्रीला द्यायचा न्हाय."

बायका एकमेकींकडं बघून हसल्या. इतकं लांब वाक्य त्यांनी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं. गोदामाची राखण त्यानं सोडून दिली.

अमरेशचे पलंगपोस दिवाळीनंतर नऊ दिवसांनी गेले. पुढं त्याच्याकडं उतरलेल्या पाहुण्यांनी कुठून आणले म्हणून विचारलं, आणि त्यानं प्रत्येकाला दानेश्वरीचा नंबर दिला. निम्मी गिऱ्हाइकं आजही त्याच वाटेनं येतात. दानेश्वरी दर दिवाळीला त्याला शेंगाची चटणी पाठवते. दोघं अजून एकमेकांना भेटलेली नाहीत.

आता अठरा बायका कामाला आहेत. शिवलीला फोटो, पत्ते, पार्सलं सांभाळते आणि आईला अधूनमधून दटावते, "आई, गिऱ्हाईकाशी तासभर बोलत बसू नको." ते काही दानेश्वरीला जमत नाही. शिवपुत्रनं गेल्या वर्षी एका ओळखीच्या कारखानदाराला गाठून त्याच्या जेकार्डवर स्वतःची चादर विणून घेतली. मोर नाहीत, वेलबुट्टी नाही. कडेपासून मधोमध जाणारे चौकोन, काशम्माच्या टाक्यांसारखे. पहिली चादर त्यानं सासूच्या मांडीवर नेऊन ठेवली. काशम्मानं ती अख्खी चाचपली आणि जावयाच्या हातावर हात ठेवला. 

मागच्या महिन्यात पुण्याहून कापडाचं शिक्षण घेणाऱ्या काही मुली बघायला आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं वही उघडून विचारलं, "तुम्ही हा व्यवसाय कसा उभा केलात?"

दानेश्वरी गोंधळली. "मी कुटं उभा केला, बाई," ती म्हणाली. "मला एकानं बसमधी घातलं, एकीनं राली दिली, एकीनं घरची कापडं भरवशानं धाडली. आईनं टाका दिला. ह्यांनी..." तिनं हौदापाशी उकिडवं बसलेल्या शिवपुत्रकडं बोट केलं.

मुली लिहायच्या थांबल्या. नरसम्मा मघापासून सुई डोळ्यांपाशी धरून खटपट करत होती. विड्या सोडल्यापासून तिचा खोकला गेला होता, पण नजर उतरली होती. तिनं सुई दानेश्वरीच्या नाकासमोर धरली.

"ते नंतर सांग, अक्का," ती म्हणाली. "आधी दोरा ओव. माझा चष्मा कुटं गेला कुणास ठावं."

दानेश्वरीनं डोळे पुसले, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि सुई उजेडाकडं धरली.